कालवणाचा काजी

सौदीकरणाचा जोर होता तेव्हाची ही गोष्ट. मोबाइलच्या दुकानात परदेशी माणसानं काम करायचं नाही, असा नियम निघाला होता. माझ्या खोलीत राहणारा गुहागरचा दोस्त मात्र अजून तसल्याच एका दुकानात चोरून उभा राहायचा. त्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, धंदा लिहिला होता, शिंपी. त्याला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

मी रियाधजवळ अल सुलैच्या एका गोदामात स्टोअरकीपर. एका शुक्रवारी नमाजनंतर गोदामाच्या आवारात आम्ही सुरमईच्या कालवणाची स्पर्धा ठेवली. चार पातेली, आणि परीक्षक मी. मला स्वयंपाक येत नाही, म्हणून माझ्यावर सगळ्यांचा विश्वास.

तिसऱ्या पातेल्यात चमचा घातला आणि फाटकाशी इकामे तपासणारी गाडी थांबली. हे पातेलं गुहागरकराचंच. तो पांढराफटक पडला.

"भाई, आता काय करू?"

"मागच्या दारानं सूट," मी कडी काढत म्हणालो.

तो सुटला, पण पातेलं घेऊन! लाल रश्श्याची धार थेट मागच्या दारापर्यंत गेली. अधिकारी त्या धारेमागून चालत आला आणि कडीवरच्या माझ्या हाताकडे बघत राहिला.

"कोण पळालं?"

"मांजर," मी मोडक्या अरबीत म्हणालो.

"पातेलं घेऊन?"

मला कचेरीत नेलं. माणसाला पळायला मदत केली, असा गुन्हा माझ्या नावावर लिहायला सुरुवात झाली. घरी रत्नागिरीला बायकोला काय सांगायचं, ते मी मनात जुळवायला लागलो.

"तू तिथे काय करत होतास?"

परीक्षकाला अरबीत काय म्हणतात ते मला कुठे ठाऊक! "अना काजी," मी म्हणालो. मी न्यायाधीश.

अधिकारी ताडकन उभा राहिला. मला खुर्ची मिळाली, खजूर आले, गहवा म्हणजे अरबी कॉफी आली. चूक माझ्या लक्षात आली होती, पण गहवा फार छान होता. दुसरा कप संपेपर्यंत मी गप्प बसलो. मग त्यांनी अदबीनं माझा इकामा मागितला.

आता गुन्हे दोन झाले. दुसरा, न्यायाधीश असल्याची बतावणी.

माझा कफील, म्हणजे माझी हमी घेणारा सौदी मालक, धावत आला. सगळं ऐकून तो इतका हसला की त्याच्या डोक्यावरचा रुमाल घसरला. अधिकाऱ्यालाही हसू आवरेना. दुसरा गुन्हा त्यानं खोडला, पहिला मात्र नाही. "तो माणूस उद्या इथे हवा," तो म्हणाला.

कफीलच्या हमीवर मी खोलीवर आलो आणि तो निरोप दडवला, पण कफीलकडून तो त्याच्या कानावर गेलाच. सकाळी गुहागरकर स्वतःच कपडे करून तयार. "माझ्यापायी तू आत जायचं नाहीस," म्हणाला, आणि कचेरीत जाऊन त्यानं सगळं खरं सांगितलं.

त्याचं दुकानाचं काम सुटलं. मला ताकीद देऊन सोडलं. त्याला परत पाठवणार होते, पण माझ्या कफीलनं रदबदली केली आणि त्याला आपल्याकडे घेतलं. नव्या इकाम्यावर लिहून आलं, स्वयंपाकी. तो कागद त्यानं मला तीनदा वाचायला लावला.