इंदूच्या पोटावर टाका नव्हता

शिरूरला लेकीकडे होते तेव्हा पुतण्याचा फोन आला, "आई गेली." छातीत कळ आली आणि खुटबावच्या कांद्याच्या वाफ्यातच बसली म्हणे. मी आधी विचारलं, "पाणी कुणी पाजलं?" रडू आलं नाही. इंदू माझी धाकटी जाऊ. महिना होऊन गेला, तरी घरात काही लागलं की मी तिलाच हाक मारते...

काही वर्षांपूर्वी तिला अंगावरून फार जायचं. गर्भाशयात गाठी निघाल्या. आमच्याकडे त्याला एकच इलाज, पिशवी काढून टाकायची. माझी काढली, नणंदेची काढली. इंदू अडून बसली.

"आक्का, तुमची काढल्यापासून तुमची धरलेली कंबर बघते मी. मला न्हाई काढायची."

"मग गाठी काय पुजायच्या हायेत?"

"गाठींचं बघू की. पिशवीनं काय केलंय?"

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हिला दुसरा इलाज चालेल. सगळ्यांना चालतोच असं नाही. जांघेतल्या नसेतून बारीक नळी घालून त्यांनी गाठींचं रक्त बंद केलं. पोट फाडलं नाही. गाठी हळूहळू सुकणार होत्या.

घोटाळा घरी आल्यावर झाला. पिशवी काढलेल्या बाईला आमच्यात सव्वा महिना विसावा असतो. बायका भेटायला येतात, टाके बघतात. इंदूच्या पोटावर टाकाच नव्हता! "टाका न्हाई तर दुखणं कसलं?" म्हणत सासूबाईंनी लगेच खुरपं पुढं केलं. इकडे कळांनी ती वाकडी होत होती. मी जुनं लुगडं फाडलं आणि तिच्या पोटाला पट्टा बांधला.

"आता कण्ह," मी म्हटलं.

"कण्हतेच की ओ, आक्का," म्हणून हसली आणि हसताना पोट धरलं. पट्टा बघून सासूबाई खुरपं घेऊन गेल्या.

पुढं तिचं अंगावरून जाणं आटोक्यात आलं. गावोगावच्या बायका तिला विचारायला यायच्या. ती म्हणायची, "आधी नीट तपासून घ्या. मग काढायची का ठेवायची, ते तुम्ही ठरवा. सासू न्हाई."

परवा मांडवगणहून अशीच एक पोरगी आली. इंदू गेलेली तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तशी खाली टेकली. मग म्हणाली, "लई दुखतं का ओ त्यात?"

"दुखतं."

"तुमचं बी तसंच केलं व्हतं?"

"न्हाई. मी तिच्या उशाशी होते."

तेव्हा कळ आली की इंदू माझा दंड धरायची. नखं रुतायची, मी शिव्या द्यायचे. पोरगी गेल्यावर पोलक्याची बाही वर करून बघितली... काही नाही. एखादा वण राहिला असता तर बरं झालं असतं.