चौथी दुनिया

दीक्षाचे वडील, दादाजी, वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. तेव्हापासून हुडकेश्वरच्या घरात संध्याकाळच्या चहाला त्यांचा एक प्रश्न ठरलेला.

"किती दुनिया झाल्या वं?"

दीक्षा गणितात पीएचडी करत होती, विषय तर्कशास्त्राचा. तिनं एकदा बाबांना समजावलं होतं, "नियम ठरलेले आहेत. ते पाळणाऱ्या अनंत वस्तूंच्या वेगवेगळ्या दुनिया किती होतात, ते मोजून राहिली मी. नुसती नावं बदलली अन् आतले संबंध तेच राहिले, तं ती दुनिया वेगळी नाही धरायची."

"म्हणजे आपलं घर जसंच्या तसं सक्करदऱ्याले नेलं, तं तेच घर," दादाजी म्हणाले. तेवढं त्यांना पुरलं.

गेल्या वर्षी उत्तर आलं, चार. शोधनिबंध स्वीकारला गेला. दादाजींनी संत्रा बर्फी आणली आणि गल्लीतल्या घराघरात जाऊन वाटली.

थंडीत त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं. त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं, त्याच आठवड्यात दीक्षा निबंधाची शेवटची तपासणी करत होती. तिसऱ्या आणि चौथ्या दुनियेतला फरक ठसठशीत मांडावा म्हणून ती आतले संबंध सांभाळत इकडची एक वस्तू तिकडच्या एकीशी जोडत गेली. कुठेतरी अडणार, हे तिनं गृहीतच धरलं होतं. पण अडलं नाही. जोड्या लागतच गेल्या. दोन्ही दुनिया एकच निघाल्या.

हे सांगायला तिला एकच माणूस होता. ती खाटेजवळ बसताच दादाजींनी नेहमीसारखं विचारलं आणि तिच्याच्यानं खोटं बोलवलं नाही.

"बाबा, तीनच आहेत. मी चुकली."

दादाजी छताकडे बघत हळूच म्हणाले, "मी तं साऱ्याइले चार सांगून आलो वं."

त्यानंतर त्यांची शुद्ध हरपली, ती परत आलीच नाही.

दीक्षानं निबंध मागे घेतला. बाबांच्या मृत्यूनंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला, तशी ती घराबाहेर पडली. आई, सिंधूताई, म्हणाली, "राहू दे ना वं, कोणाले आठवते?" तरी ती बर्फी पोचलेल्या प्रत्येक घरी गेली. "बाबांनी चार सांगितलं होतं, ते तीन आहे. चूक माझी होती." लोक पाणी द्यायचे, दादाजींच्या आठवणी काढायचे. तीन-चार कशाचे, ते कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटचं घर चंपतरावांचं. ते बाबांचे विजेच्या खांबावरचे जोडीदार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चार का तीन, तो मले कधी बोललाच नाही," ते म्हणाले. "बर्फी हातावर ठेवली अन् म्हणे, माही पोरगी मोजून राहिली होती, तिचं झालं. बस, एवढंच. अन् रडला वं दारात उभा राहून."

दीक्षाला बाबांना हे विचारायचं होतं की मग दवाखान्यात साऱ्यांना चार सांगून आलो, असं का म्हणालात. ती चंपतरावांच्या पायरीवर बसली. तिला लवकर उठता आलं नाही.