रडू नावाचा रकाना

माझ्या आत्याचं गिरगावात नाटकांचे आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांचे कपडे भाड्याने देण्याचं दुकान आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी तिला मोबाइलवर कपडे शोधता येतील असा प्रोग्राम करून द्यायला घेतला. दादरच्या ऑफिसात मी हेच काम करते, त्यामुळे दोन रविवारांत होईल असं वाटलं.

दुकानाचा जुना डेटाबेस आत्यानंच कम्प्युटरचा क्लास लावून केलेला. टेबलातल्या रकान्यांना तिनं मराठी नावं दिलेली: उंची, कंबर, डोकं. मी वापरते ती लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोड, टेबलातली माहिती कोडमध्ये आणून देते, पण दोन्हीकडची नावं सारखीच असणार असं धरून चालते. माझ्याकडे 'हाइट', तिच्याकडे 'उंची'. पहिल्याच फटक्यात सगळं अडलं.

मी म्हटलं, रकान्यांची नावं बदलूया. आत्या तयार होईना. कपड्यांवरच्या चिठ्ठ्या छापणारा तिचा जुना प्रोग्राम त्याच नावांवर चालत होता. मग मी कोडमधल्या प्रत्येक नावाच्या वर चौकटी कंसात एकेक ओळ लिहीत गेले: हे म्हणजे टेबलातला अमुक रकाना. या ओळीला आम्ही अ‍ॅट्रिब्यूट म्हणतो.

शेवटी 'रडू' नावाचा रकाना उरला. त्यात शून्य ते पाच आकडे. जरीचे कपडे टोचत असतील, असं समजून मी कोडमध्ये त्याला 'टोचतो' म्हटलं आणि शून्य म्हणजे नाही, बाकी सगळं हो, एवढंच ओळखायला लावलं. तर मऊ मखमलीचा वाघसुद्धा टोचणाऱ्यांत आला. आत्या हसायलाच लागली.

"अगं, तो टोचत नाही. मुखवट्याला घाबरून पोरं रडतात. कपडे परत आले की मी आयांना विचारते, किती रडलं. वाघाला पाच."

मी तिथल्या तिथे नाव 'रडू' केलं आणि आकडे होते तसे येऊ दिले.

पुढच्याच आठवड्यात परळच्या एका बालवाडीच्या बाईंचा फोन आला. तीन वर्षांच्या बारा मुलांना मावळे करायचं होतं. आत्यानं मोबाइलवर सगळ्यात लहान माप आणि रडू शून्य असं शोधलं. मावळा एकही आला नाही. वांगी, भेंड्या, गाजरं, कोबी मात्र भरपूर. मिशा लावल्या की एवढुशी मुलं हमखास रडतात, असं आत्यानं बाईंना सरळ सांगितलं. बाई भाज्यांना तयार झाल्या.

संमेलनाला आत्या मलाही घेऊन गेली. बारा भाज्या स्टेजवर आल्या, गाणं सुरू झालं आणि नाच कुणालाच आठवेना. कोबी खाली बसला नि शेजारच्या भेंडीचं देठ ओढू लागला. ते बघून सगळ्यांनीच एकमेकांची देठं धरली. आत्या खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होती. वांगं तेवढं शेवटपर्यंत पुढे उभं राहून, समोर बसलेल्या आपल्या आजोबांना हाका मारत राहिलं.