म्यूट चॅनेलवरचा माऊथऑर्गन

गेल्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी, शो सुरू व्हायच्या जेमतेम आधी, क्लेटन या ऐंशी पार केलेल्या अमेरिकन माऊथऑर्गन वादकाला स्टेजवरून खाली उतरवलं गेलं. गुन्हा काय... तर आयोजक म्हणाले, रेकॉर्डेड ट्रॅक लावतो, तुम्ही नुसतं वाजवल्यासारखं करा, आणि तो म्हणाला, नाही.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. ‘लाइव्ह म्हणजे लाइव्ह’ या आमच्या मोहिमेची पत्रकं मीच लिहितो. संशय घेणं हेच माझं काम.

तर – बुकित बातोक या इथल्या उपनगरातला छोटा हॉल. क्लेटनचा आयुष्यभराचा जोडीदार हॉलिस करारात अडकलेला, म्हणून गिटार घेऊन एकटाच ब्लूज गायला बसला. माझी बहीण मुग्धाताई रागावलेल्या क्लेटनला घेऊन खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सकडे गेली.

पहिल्याच गाण्यात माऊथऑर्गन वाजायला लागला. माझं डोकंच फिरलं. साउंड सांभाळणारा निखिलदादा आपल्या पुण्याचा. सरळ त्याच्याकडे गेलो.

“लावलास ना शेवटी ट्रॅक? लाज वाटते का?”

“बाबा रे, लॅपटॉप बंद आहे. बघ. क्लेटनच्या माईकचा चॅनेलसुद्धा म्यूट आहे.”

“मग हे येतंय कुठून?”

“तेच शोधतोय. तू भाषण थांबवलंस तर ऐकू येईल.”

विंगेत कुणी लपलंय का, तेही पाहिलं. नुसत्या खुर्च्या.

तेवढ्यात हॉलिसची तार तुटली. या लोकांची रीत अशी, की गाणं थांबवायचं नाही. एकाने तार बदलायची, दुसऱ्याने तोवर वाजवत राहायचं. हॉलिस मान खाली घालून तार चढवत होता आणि माऊथऑर्गन त्याच ओळीवर घुटमळत होता. तार सुरात लागली, तसा पुढे सरकला. रेकॉर्डिंग कुणासाठी थांबतं का?

शो संपताच खाली धावलो.

“कुठे होतास रे?” मुग्धाताई म्हणाली. “हे क्लेटन मध्येच म्हणाले, हॉलिसची तार गेली. मग नुसते गाल फुगवून श्वास घेत होते. मी घाबरले ना.”

“आणि माऊथऑर्गन?”

“माझ्या पर्समध्ये. फेकून द्यायला निघाले होते, मी काढून घेतला.”

क्लेटनला विचारलं. “त्याला तसंच सोडायचं होतं का मी?” एवढंच म्हणाला, आणि आणखी एक कोपी, म्हणजे इथली कॉफी, मागितली.

आता आयोजकांनी शोची क्लिप टाकली आहे. तार बदलतानाचा भाग नेमका कापलेला. खाली ओळ – ‘माऊथऑर्गन: रेकॉर्डेड ट्रॅक’. क्लेटनचं नाव कुठेच नाही. इतकी वर्षं माऊथऑर्गनमध्ये जीव फुंकलेल्या माणसाला यांनी एका ओळीत पुसलं.

तिथे नक्की काय झालं, मला आजही सांगता येत नाही. निखिलदादावरचा संशयसुद्धा पूर्ण गेलेला नाही... पण ट्रॅक तो नव्हता, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

तुम्ही त्या हॉलमध्ये होतात ना? फोन वर धरून बसला होतात. मग तो कापलेला भाग तुमच्याकडे असणार. आहे तसा टाका, आणि त्याखाली क्लेटनचं नाव लिहा.