लागली वाट

अमेरिकेत शॉमबर्गला मुलाकडे होतो तेव्हाची गोष्ट. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण एसटी चालवून त्याला इंजिनियर केला, हे मी तिथल्या सगळ्यांना, कोणी न विचारता, सांगत असे. त्या हिवाळ्यात त्याच्या ऑफिसातली माणसं दर शुक्रवारी कमी होत होती. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की गाशा गुंडाळायचा, एवढं मला कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं, आणि त्याचाच शीण यायचा. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि हा हेडफोन लावून बसलेला.

एकदा मी हटूनच बसलो. "तू करतोस काय, ते मराठीत सांग."

"अप्पा, रूट म्हणजे वाट. ऑफिसला इंटरनेटच्या दोन वाटा आहेत. मोठी बंद पडली की सगळं धाकटीवरून गेलं पाहिजे, आपोआप."

"घाट बंद झाल्यावर आम्ही दुसरं काय करायचो? दे सगळ्यांना मोकळी करून."

"तिथंच तर मार बसतो. सगळ्यांना सांगितली की परक्यांच्या गाड्याही आपल्या अंगणातून जायला लागतात. म्हणून फिल्टर. कुठली वाट कोणाला सांगायची, कोणाला नाही."

"रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

"त्यांच्या बापाचा असता तर फिल्टर लागलाच नसता, अप्पा," सून आतून म्हणाली.

मागच्या चाचणीला त्या फिल्टरमध्ये आपल्याच ऑफिसची वाट लिहायची राहिली होती. धाकटी लाइन चालू, पण तिच्यावर कोणाला प्रवेश नाही. अख्खं ऑफिस ठप्प. साहेबाने आणखी एकदाच करून बघ म्हटलं होतं.

ते रविवारी दुपारी करायचं ठरलं. ऑफिसात एकजण मोठ्या लाइनची वायर काढणार, आणि हा घरून फोनवर बघणार. मी सोफ्यावर बसून राहिलो. चहावर साय धरली. मग त्याच्या खोलीत खुर्ची सरकली आणि तो ओरडला, "वाट लागली, अप्पा! वाट लागली!"

मी उठलो, कपाटावरची बॅग ओढली आणि पायजमे भरायला लागलो. गावात तोंड कसं दाखवू, हेही मनात आलं नाही. पोरगं सकाळपासून जेवलं नाही, एवढंच येत होतं.

तो दारात आला. "हे काय? अहो, लागली म्हणजे सुरू झाली! धाकटी वाट चालू आहे. परकी एक गाडी आली नाही अंगणात."

"मग नीट बोलावं माणसानं."

"मराठीतच तर बोललो!"

सून हसून हसून खालीच बसली. मला राग आला. म्हटलं, "मी माझी बॅग भरतोय. मला घरी जायचंय, कधीचं सांगतोय."

तसं मी कधीच सांगितलं नव्हतं. पण तोंडून गेलं, आणि ते खरंच होतं.

"जाल हो. आधी जेवू," तो म्हणाला, आणि ताटावरच पेंगला.

बॅग मी रिकामी केली नाही. निघेपर्यंत तिच्यातूनच पायजमे काढत राहिलो.