दोन दारांमधली खुर्ची

अप्पा दामले गेले, ही बातमी मी लगेच खरी मानली नाही. कोर्टाच्या वकिलांच्या खोलीत कुणीतरी ती सांगितली, तेव्हा मी आधी विचारलं, तुला कोणी सांगितलं. मग त्या सांगणाऱ्याला गाठून विचारलं, तू डोळ्यांनी पाहिलंस का. शेवटी काळा कोट अंगावर तसाच ठेवून त्यांच्या घरापर्यंत चालत गेलो आणि अंगणात जमलेली माणसं पाहिली, तेव्हा कुठे ती खरी मानली. ही खोड मला अप्पांनीच लावली होती. रत्नागिरीच्या कोर्टात त्यांनी उभी हयात वकिली केली आणि ऐकीव गोष्टीवर कधी विश्वास ठेवला नाही. आता महिना उलटला आहे, घरातली वर्दळ सरली आहे, म्हणून लिहायला बसलो...

अप्पा संशयी होते, हे आमच्या गावात कुणी लपवून बोलत नसे. जावई दिवाळसणाला आला तर त्याचीही उलटतपासणी व्हायची. त्यांच्या माजघरात पुढचं दार आणि मागचं दार समोरासमोर होती. त्या दोहोंच्या मधोमध, भिंतीला पाठ लावून, त्यांची आरामखुर्ची असे. पाहुणा पुढच्या दाराने आत आला की अप्पा आधी मागच्या दाराकडे नजर टाकत आणि मग "या" म्हणत. आम्ही या खुर्चीची थट्टा करायचो. पण ती तिथे का आली, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण ज्या दाव्यानंतर ती तिथे आली त्यात मी समोरच्या बाजूचा वकील होतो.

दावा जयगडच्या एका कलमांच्या बागेचा होता. बाग राधाबाईंची. नवरा वारल्यावर त्या मुलीला घेऊन माहेरी, हेदवीला राहत आणि बागेच्या उत्पन्नावर दोघींचं चालत असे. दिराने ती बाग आपली म्हणून दावा लावला आणि माझ्याकडे वकीलपत्र दिलं. पहिल्या तारखेला बाई हजर राहिली नाही. कोर्टाची रीत अशी, की दावा निघाला की पट्टेवाला ओसरीवर जाऊन पक्षकाराच्या नावाने तीन हाका मारतो. याला पुकारा म्हणतात. तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही तर तो गैरहजर. त्या दिवशी तीन हाका मी माझ्या कानांनी ऐकल्या. कुणी आलं नाही, आणि साहेबांनी एकतर्फी हुकूमनामा दिला.

त्याच संध्याकाळी राधाबाई रडत अप्पांकडे गेल्या. "मी थयंच बसलेली होते हो, कोर्टाच्या पुढल्या अंगणात, चिंचेखाली. पाण्याला म्हणून उठले नाय. माझं नाव कुणी घेतलान नाय, वकीलसाहेब. आता बेलीफ येऊन बाग काढून घेतलान, तर पोरीला खायला घालू काय?"

दुसऱ्याने त्यांची समजूत घालून वाटेला लावलं असतं. अप्पांनी हुकूमनामा रद्द करण्यासाठी अर्ज केला. पट्टेवाल्याने शपथेवर सांगितलं, की मी तीन वेळा खणखणीत हाका मारल्या. साहेबांनी मला विचारलं, मीही ऐकल्या म्हणालो. ते खरंच होतं. अप्पा माझ्याकडे असे पाहत राहिले, की मला माझ्याच कानांची शंका आली.

मग ते रोज कोर्टात येऊन बसू लागले. काम असो वा नसो, मागच्या बाकावर, डोळे अर्धवट मिटून. आमच्या कोर्टाच्या दालनालाही दोन दारं. एक पुढच्या ओसरीवर उघडतं, जिथे लोक बसलेले असतात. दुसरं मागच्या ओसरीवर, तिच्यापुढे नुसता उतार आणि समुद्र. आत बसलेल्या माणसाला दोन्हींकडची हाक सारखीच ऐकू येते. बाहेर चिंचेखाली बसलेल्याला मात्र मागची हाक ऐकू येत नाही. हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं आणि त्यात काही आहे असं एकालाही वाटलं नव्हतं. अप्पांनी आणखी एक गोष्ट हेरली. शिरस्तेदार, म्हणजे साहेबांच्या खाली बसणारा मुख्य कारकून, एरवी नुसतं नाव सांगे आणि पट्टेवाला पुढच्या दाराने जाई. पण एखाद्या नावाच्या आधी शिरस्तेदार चिमूटभर तपकीर ओढे, आणि तेव्हा पट्टेवाला मागच्या दाराने जाई...

हे सिद्ध कसं करणार? अप्पांनी मला त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही. एका सकाळी, राधाबाईंच्या अर्जाआधी, जयगडच्या एका तांडेलाचा, म्हणजे गलबतावरच्या म्होरक्याचा, साधा दावा निघायचा होता. शिरस्तेदाराने कागद हातात घेतला तोच अप्पा त्याच्या मेजाशी गेले आणि हळूच म्हणाले, "रावसाहेब, डोकं जड झालंय. चिमूटभर देता का?"

आमच्याकडे तपकीर मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही आणि त्याला एकट्याला ओढू देत नाही. डबी उघडली की मालकाने आधी आपण घ्यायची, मग पुढे करायची. शिरस्तेदाराने सवयीने डबी उघडली, चिमूट नाकाला लावली, डबी अप्पांपुढे केली आणि तांडेलाचं नाव सांगितलं. पट्टेवाला वळला आणि सरळ मागच्या दाराने गेला. समुद्राकडे तोंड करून त्याने तीन खणखणीत हाका मारल्या. साहेब गैरहजेरी लिहिणार, इतक्यात अप्पा म्हणाले, "साहेब, लेखणी जरा थांबवावी. तांडेल पुढच्या पायरीवर बसलाय, त्याचं मुंडासं मला इथून दिसतंय. मग पट्टेवाला मागे कुणाला बोलावतोय?"

सगळ्या माना एकदम फिरल्या. शिरस्तेदाराची दुसरी चिमूट बोटांतच राहिली.

हुकूमनामा रद्द झाला, दावा नव्याने चालला आणि बाग राधाबाईंकडे राहिली. पट्टेवाल्याची नोकरी गेली. शिरस्तेदाराची नुसती बदली झाली. साहेबांना आधी काही कळलं होतं की नव्हतं, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. "डबी एकाच्या हातात होती," अप्पा म्हणायचे, "तपकीर किती जणांनी ओढली?"

आणि त्या किती जणांत मी होतो का, हा प्रश्न आमच्या मैत्रीत कायमचा येऊन बसला. मी दिराचं वकीलपत्र त्याच दिवशी सोडलं. त्यावर अप्पा म्हणाले, "बरं केलंस नाना. घाबरून सोडलंस की लाजून?" मला राग आला, फार राग आला. मी म्हटलं, "अप्पा, मला यातलं काही माहीत नव्हतं." त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "चहा घे," म्हणाले. त्यानंतर कित्येक वर्षं मी जवळजवळ रोज त्यांच्याकडे गेलो, त्यांच्या दुखण्याखुपण्याला धावलो, पण मी दारात आलो की त्यांची नजर आधी मागच्या दाराकडे जायची. ते मला लागायचं. मी प्रामाणिक आहे, हे साऱ्या गावाने मानलं असतं तरी मला हवा होता तो एकाच माणसाचा शब्द.

ते जाण्यापूर्वी काही दिवस मी भेटायला गेलो, तर आरामखुर्ची फिरवलेली. तोंड खिडकीबाहेरच्या फणसाकडे, पाठ सरळ पुढच्या दाराकडे. अप्पांना असं पाठमोरं मी कधी पाहिलं नव्हतं. मी उंबऱ्यातच थांबलो. "अप्पा, मी नाना."

"कळलं," ते म्हणाले. "म्हणून तर वळलो नाही."

त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यातच रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. खुर्ची अजून खिडकीकडेच आहे. अप्पांच्या पत्नी जानकीवहिनी म्हणाल्या, "भावोजी, पूर्वीसारखी भिंतीशी लावून ठेवू का हो? शेवटी शेवटी त्यांची मान वळत नव्हती, म्हणून मीच ती उजेडाकडे केली होती."

मी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. अप्पा असते तर म्हणाले असते, नाना, आता नीट तपास कर. मान वळत नव्हती की वळवायची नव्हती? तपास करता आला असता. वहिनींना एक-दोन प्रश्न विचारले असते तर उत्तर मिळालं असतं. मी विचारले नाहीत.

"असू दे, वहिनी," मी म्हटलं, "तशीच असू दे." आणि जाऊन त्या खुर्चीत बसलो, दाराकडे पाठ करून.