उभा राहिलेला बुडबुडा

आधीच सांगते, मी घाबरट आहे, पण भुताखेतांना घाबरणारी नाही. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का, शेठ रागावले तर नाहीत ना... माझ्या भीती अशा. आमच्या भंडाऱ्याकडच्या गावात, तळ्यात आसरा, पाण्यातल्या बाया, राहतात म्हणायचे. मी त्याच तळ्यात पोहायला शिकले, मला कधी कोणी भेटलं नाही. त्यामुळे हे इथे लिहायचं म्हणजे मलाच अवघडल्यासारखं होतंय. शाळा आठवीतच सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सध्या बडोद्यात असते. हरणीला एका मराठी काकूंकडे राहते आणि सुभानपुऱ्यात केतनभाईंच्या वर्कशॉपमध्ये काम करते – बंगल्याच्या खालच्या गॅरेजमध्ये. हौशी लोक भारी भारी कॉम्प्युटर बनवून घेतात, ते तापू नयेत म्हणून त्यांच्यातून पाणी फिरवतात. त्या पाण्याची टाकी आम्ही बनवतो. अॅक्रिलिकची, काचेसारखी स्वच्छ, वर कोरीव काम आणि खालून रंगीत लाइट. लाइट लागला की कोरलेली रेघ न् रेघ पेटते.

मी इथे पॅकिंगसाठी आले होते. केतनभाईंनी मार्कशीट मागितलीच नाही. अॅक्रिलिकचा एक धुरकट तुकडा हातात दिला आणि म्हणाले, "बेन, आमां तमारुं मोढुं देखाय त्यां सुधी घसो." स्वतःचं तोंड दिसेपर्यंत घासायचं! मी घासलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला शेजारी बसवून कापणं, जोडणं, पॉलिश, सगळं शिकवलं. एवढा विश्वास माझ्यावर कोणी टाकला नव्हता.

मग त्यांनी एक टाकी पूर्ण माझ्यावर सोपवली. एका नव्या दुकानाच्या शोकेसमध्ये ठेवायच्या कॉम्प्युटरची. मी त्यात आमचं तळं कोरलं – तळातून वर येणारे कमळाचे देठ, वर पानं. टाकी गळली तर आतलं सगळं महागडं सामान पाण्यात, केतनभाईंचं नाव पाण्यात, आणि मी परत गावाला. हे डोक्यातून जात नव्हतं.

टाकी जोडून झाली. मागे लाइटची वायर झाकायला काळी पट्टी बसली. हवेच्या दाबाची टेस्ट झाली, काटा जागचा हलला नाही. पाणी भरून पंप चालवला, बुडबुडे निघून गेले. सकाळी येऊन बघते तर एक बुडबुडा शिल्लक. हरभऱ्याएवढा. मागच्या बाजूला, एका देठाजवळ, पाण्याच्या मधोमध – उभा!

बुडबुडा वर जातो, नाहीतर भिंतीला चिकटतो. हा दोन्ही करत नव्हता. मी वरच्या भोकातून बारीक तार घालून त्याच्या चहूबाजूंनी फिरवली. कुठेच टेकलेला नव्हता. पंप सुरू केला, पाणी गरगर फिरलं, हा जागचा हलेना. टाकी रिकामी करून पुन्हा भरली... पुन्हा तिथेच.

केतनभाईंनाही दाखवला. ते हसले. "आ तो हवा छे, भूत नथी! टेस्ट पास छे ने? पॅक करो. दुपारी पार्टी घ्यायला येणार."

मी बॉक्स आणला. फोम कापला. पण हात पुढे होईना. कारण अशी हवा मी लहानपणी खूप बघितली होती... बाबा तळ्यात कमळाचे कांदे काढायला बुडी मारायचे आणि मी डोंग्यात बसायची. खाली असेपर्यंत ते थोडा थोडा श्वास सोडत राहायचे, म्हणजे डोंगा कुठे धरायचा ते मला कळायचं. बुडबुडे एका जागी येत राहिले की समजायचं, बाबांना खाली काहीतरी सापडलंय. ते वर येईपर्यंत तिथून हलायचं नाही.

"केतनभाई, मी ही देणार नाही. मागची बाजू कापून बघते."

"गांडी थई गई छो? वेड लागलं का? एकदा कापली की गेली! पार्टीला काय सांगू?"

"मला कामावरून काढलंत तरी चालेल. पण ही जाणार नाही."

मी त्यांच्याशी असं बोलेन हे मलाच खरं वाटत नव्हतं. ते म्हणाले, "तमे मने मरावशो, मारणार तुम्ही मला," आणि फोन घेऊन बाहेर गेले.

मी टाकीकडे वळले. हात लावलेला नाही, पंप बंद. आणि तो बुडबुडा हलला. देठाच्या कडेने सरळ वर गेला आणि पानापाशी फुटला.

पाणी काढून, कापण्याआधी मी पट्टी सोलली. खाली, बरोबर त्याच उंचीवर, अॅक्रिलिकच्या आत केसासारख्या भेगांचं जाळं पसरलं होतं. नखाने दाबलं तर कडकन आवाज आला. केतनभाई आत आले, बघितलं, आणि स्टूल ओढून बसले.

"बेन... स्पिरिट में मार्युं हतुं."

संरक्षक कागदाचा गोंद निघत नव्हता, म्हणून पट्टी लावण्याआधी त्यांनीच स्पिरिटचा बोळा फिरवला होता. माझी पहिली टाकी चकाचक दिसावी म्हणून! ताज्या कापलेल्या अॅक्रिलिकला स्पिरिट लावू नये, भेगा पडतात, हे मला त्यांनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. आधी भट्टीत हळूहळू तापवून त्याचा ताण घालवायचा असतो. टेस्टला ती भिंत टिकली. पण शोकेसमध्ये, गरम पाण्यावर, किती टिकली असती?

पार्टीने एक दिवस थांबायचं कबूल केलं. आम्ही दोघांनी मिळून दुसरी बनवली, तेच तळं. ती आज त्या दुकानात चालू आहे, मी काचेबाहेरून बघून आले. तिच्यात एकही बुडबुडा उभा राहिला नाही. भेगेतून हवा आली म्हणावं, तर ती भिंतीला चिकटायला हवी होती. केतनभाईंनी ओळखीच्या इंजिनीअरला विचारलं, तेही खांदे उडवून मोकळे झाले. मला अजूनही कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी बाबांना फोन केला होता. त्यांच्या गुडघ्यांनी आता बुड्या बंद केल्यात. सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"मंग वर आला का तो?" एवढंच विचारलं.

"आला बाबा. मी नाही देत म्हटलं, तेव्हा आला."

"वर आला ना? मंग झालं वो. जेव आता."